गुलाबी गोळी आणि पपईचा पाला

आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा आम्ही दोघं भांडत होतो. भांडण असं की हे पित्त आहे की गॅस.

ह्यांचं म्हणणं गॅस. सगळी नोकरी बिजली खात्यात हिंदी माणसांत गेली, आणि तिकडे छातीत दुखो, पाठीत दुखो, बॉस ओरडो, निदान एकच, ‘गैस चढ़ गई’. माझं माहेर-सासर दोन्ही ह्याच हिंदी शहरातल्या लष्कर मोहल्ल्यातलं, घरात मराठी, त्यामुळे मी पित्ताच्या पक्षाची. सकाळी बाड्याच्या बाजारातून बेडई, म्हणजे डाळ भरलेली तळकट पुरी, आणि जिलबी आणून ह्यांनी हाणली होती. थोड्या वेळानं छाती धरून खुर्चीत बसले. मी म्हटलं, “मोरावळा घ्या, पित्त आहे.” हे म्हणाले, “ओवा दे, गॅस आहे.” शेवटी माणसानं मोरावळाही खाल्ला, वर ओवाही चावला, आणि तरी बनियान घामानं चिंब.

लेक आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करत होती. आमचा आवाज चढला म्हणून बाहेर आली, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, हे ना पित्त आहे, ना गैस. चेहरा देख बाबांचा. चल, मी गाडी काढते.”

आमची ही मुलगी वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत पार्क करते. एरवी मी तिला दहा वेळा टोकते. त्या दिवशी मुकाट्यानं चपला घातल्या.

दवाखान्यात इमर्जन्सीला एक डॉक्टरीण होती, इतकी लहानखुरी की मला वाटलं, ही कुणाची तरी सोबत म्हणून आली असेल. तिनं ह्यांच्या छातीला वायरी लावल्या, कागद बघितला आणि गोळ्या ह्यांच्या तळहातावर ठेवल्या. “अंकल, चबाइए.”

ह्यांनी पाणी मागितलं. आयुष्यभर गोळी म्हणजे पाण्याबरोबर गिळायची वस्तू. आणि आमच्या घरात गोळी चावणाऱ्या पोराला रट्टा मिळायचा.

“पानी नहीं. चबाइए. चबाने से जल्दी काम करेगी.”

हे चावायला लागले. यम दारात उभा, आणि हा माणूस तोंड वेडंवाकडं करून डॉक्टरणीला सांगतोय, “खट्टी है.” ती म्हणाली, “अंकल, बेडई से तो हल्की है.” लेकीनं तिला सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. मनगटातून बारीक तार आत घातली, हृदयाच्या बंद पडलेल्या नळीपर्यंत नेली, तिथे इवलासा फुगा फुगवला आणि नळी उघडी राहावी म्हणून तारेची बारीक जाळी बसवली. माणूस शुद्धीवर. मला आत सोडलं तेव्हा मी रडायच्या पूर्ण तयारीत होते, पदर हातात. हे माझ्याकडे बघून म्हणाले, “भूक लागलीय गं.”

मी हसायला लागले. आणि हसू थांबेना. आयसीयूत, आजूबाजूला लोक जगण्यामरण्याच्या काठावर, आणि मी पदर तोंडात कोंबून हसतेय. नर्सनं मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून मी आणखी हसले. लेक म्हणाली, “आई, लोग देख रहे हैं.” बघू देत म्हटलं. ज्याचं माणूस परत मिळालं त्यानं हसायचं नाही तर कुणी हसायचं?

तो आनंद नुसता आनंद नव्हता, नशा होती. घरी आल्यावर पंधरवडा मी त्या नशेत होते. भाजीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या शर्माइनला तर जाळी कशी बसवतात ते शेवयांच्या चाळणीवर करून दाखवलं. स्वयंपाक करताना मी गुणगुणत होते. भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग डॉक्टरणीनं मीठ कमी करायला सांगितलंय हे आठवून त्या दिवशीची भाजी मी आणि लेक खायचो, आणि ह्यांना दूधभात.

आता गोळ्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांचंच आहे.

घरी सोडताना डॉक्टरणीनं दोन गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या. एक पांढरी, ती ऍस्पिरिन. दुसरी गुलाबी, तिचं नाव माझ्या जिभेला वळेना, म्हणून आमच्या घरात ती गुलाबीच. “ये दोनों एक दिन भी नहीं छूटनी चाहिए,” ती म्हणाली. मी शाळेत भूगोल शिकवलाय. नदी कुठून निघते हे कळल्याशिवाय ती समुद्राला मिळते हे मी कधी पोरांना घोकू दिलं नाही. म्हटलं, “क्यों नहीं छूटनी चाहिए? ये करती क्या हैं?” तिला घाई होती, पण प्रश्न ऐकून तिचा चेहरा खुलला. कॉरिडॉरमध्येच उभी राहून तिनं हातवारे करून सांगितलं. ते मी माझ्या भाषेत सांगते.

रक्तात प्लेटलेट असतात. त्यांचं काम डागडुजीचं. कुठं कापलं, खरचटलं की ह्या धावत जातात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. म्हणून तर रक्त थांबतं. बिचाऱ्या भल्या आहेत. पण हृदयाच्या नळीला आतून चरबीचा थर चढलेला असतो, त्याला कधी चीर पडते. प्लेटलेटना वाटतं जखम झाली. झालं, धावल्या मदतीला.

दौलतगंजच्या गल्लीत स्कूटर पडली की कसं होतं? पहिले दोघं खरंच उचलायला धावतात. मग ते ओरडतात, “अरे आओ, आओ.” ते ऐकून दहा येतात. दहांचा आवाज ऐकून पन्नास. सगळे मदतीलाच आलेत, एकाच्याही मनात पाप नाही, पण गल्ली गच्च, आणि मागे ऍम्ब्युलन्स हॉर्न वाजवत उभी. हार्ट अटॅक हाच. जखम इवली, मदतीची गर्दी एवढी की रक्त पुढे जाऊच शकत नाही, आणि पुढचा हृदयाचा तुकडा उपाशी मरायला लागतो.

पांढरी गोळी प्लेटलेटचं तोंड बंद करते. म्हणजे ती दुसऱ्यांना हाका मारू शकत नाही. गुलाबी गोळी कान बंद करते. म्हणजे कुणी हाक मारलीच तरी ऐकू जात नाही. प्लेटलेट मरत नाहीत, कमीही होत नाहीत. जितक्या होत्या तितक्याच रक्तातून फिरतात, फक्त गर्दी करत नाहीत. बरं, एकदा मुकी-बहिरी झालेली प्लेटलेट तिच्या छोट्याशा आयुष्यभर तशीच राहते. पण शरीर रोज नव्या तयार करतं, त्या धडधाकट तोंडाकानांच्या. म्हणून गोळी रोज. आणि ती नवी जाळी? ती तर परकी तार. तिच्यावर शरीराचं आपलं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेटना ती जखमच वाटणार. गुलाबी सोडली तर त्या जाळीवर गर्दी करतील, आणि ह्या वेळी बेडईवर दोष ढकलायलाही वेळ मिळणार नाही. हे शेवटचं डॉक्टरणीनं हसत सांगितलं नव्हतं.

मला हे इतकं आवडलं की काय सांगू. लोक ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, पण रक्त वरणासारखं पातळ वगैरे काही होत नाही. दोन गोळ्या, एक तोंडाची, एक कानाची. आमच्या ह्यांना म्हटलं, “बघा, संसार टिकायचा तर एकानं बोलू नये आणि दुसऱ्यानं ऐकू नये, हे आता सायन्सही म्हणतं.” हे म्हणाले, “मी आधीपासून गुलाबी गोळीवरच आहे.”

ह्या आनंदाच्या भरात मी वन्संना सांगायला गेले आणि घोटाळा झाला.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला राहतात. सासूबाई लवकर गेल्या, ह्यांना वन्संनीच वाढवलं. आमचं घराणं फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आलं म्हणतात. तलवार मी काही पाहिली नाही, पण वन्संचा आवाज अजून फौजेतला आहे. त्या दारातून आत आल्या की साठी उलटलेला माझा नवरा हाफपँटमधला होतो.

त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेले. आमच्याकडे पाऊस संपला की डेंग्यू ठरलेला. दवाखान्यात रोज रक्त तपासायचे, रोज प्लेटलेटचा आकडा खाली. वन्सं तो आकडा बघत बसल्या आणि माणूस गेला. तेव्हापासून मुरारच्या त्यांच्या मोहल्ल्यात वन्सं म्हणजे प्लेटलेटचं हेडऑफिस. कुणाला ताप आला की फोन त्यांना आधी, डॉक्टरला नंतर. “कितने हैं? सत्तर? घबराना नहीं. पपीते का पत्ता कूटकर रस निकालो. बकरी का दूध मँगवाओ.” मुरारमध्ये बकऱ्यांना भाव आहे तो वन्संमुळे.

तर ह्यांना बघायला त्या आल्या, चहा दिला, आणि मी हौसेनं म्हटलं, “वन्सं, काय भारी औषध आहे माहितीये? प्लेटलेटच्या विरुद्ध काम करतं.”

वन्संचा कप अर्ध्या वाटेत थांबला.

“विरुद्ध?”

“हो ना.”

“अगं, लोक एकेका प्लेटलेटसाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि तू माझ्या भावाला त्या मारायची गोळी देतेस?”

“मारत नाहीत हो. गप्प बसवतात.”

“गप्प?” वन्संनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “प्लेटलेट काय बोलतात?”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गल्ली, स्कूटर, ऍम्ब्युलन्स. वन्सं ऐकत होत्या, म्हणजे माझ्याकडे बघत होत्या. पालथ्या घड्यावर पाणी. माझं संपल्यावर म्हणाल्या, “भूगोलाच्या बाईनं औषधात पडू नये.” मला राग आला, पण तो आनंदात विरघळला. त्या दिवसांत मला कुणाचाही राग फार वेळ येत नव्हता, हीच पंचाईत झाली.

त्यानंतर वन्सं दर एक-दोन दिवसांनी यायला लागल्या. ई-रिक्षानं यायच्या, पिशवीत हिरव्या रसाची बाटली. हे म्हणाले, “ताईनं कडुलिंबाचा रस दिलाय.” मी म्हटलं, घ्या बापडे, बहिणीची माया. मी स्वयंपाकघरात आणि हे दोघं बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलायचे. वन्संना हळू बोलता येतं हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं काहीतरी शिजतंय.

गोळ्या हे स्वतः घ्यायचे. मी हातात द्यायला गेले तर, “मी काय कुकुलं बाळ आहे?” असं झालं होतं. ठीक आहे म्हटलं.

आता दाढीचं. हे अजून ब्लेडचं जुनं रेझर वापरतात. गोळ्या सुरू झाल्यापासून रोज हनुवटीवर कुठं तरी लागायचं आणि रक्त थांबायचं नाव नाही. तुरटी घासायची, वर्तमानपत्राचा चिटोरा चिकटवायचा, मग हे चिटोऱ्यासकट चहाला बसायचे, हनुवटीवर आदल्या दिवशीच्या बातम्या. लेक काळजी करायची. मी सांगायचे, “वाहू दे थोडं. म्हणजे प्लेटलेट गप्प आहेत.” ते लाल ठिपके बघून मला बरं वाटायचं. जगात मीच एक बायको असेन, नवऱ्याचं रक्त बघून खूश होणारी.

एका सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले, चेहरा उजळलेला. “बघ, आज कापलं आणि लगेच थांबलं. तुरटीसुद्धा लावली नाही.”

हनुवटी स्वच्छ. बारीकशी रेघ, कोरडी.

मी हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

“गोळ्या घेता ना?”

“घेतो ना.”

“दोन्ही?”

ह्यांनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

मी खुंटीवरचा कुडता काढला आणि खिसा उलटा केला. सुपारीचं खांड, बसचं जुनं तिकीट, आणि गुलाबी गोळ्या. काही अख्ख्या, काहींचा भुगा होऊन शिवणीत बसलेला. पांढरी एकही नव्हती. पांढरी ऍस्पिरिन घरातली ओळखीची, डोकं दुखलं की पूर्वीपासून घेतलेली, तिच्यावर ह्यांचा विश्वास. गुलाबीवर मात्र बहिणीचा हुकूम निघाला होता.

“ताई म्हणाली, निदान एक तरी बंद कर. प्लेटलेट अगदीच संपतील.”

“आणि तो कडुलिंबाचा रस?”

“पपईचा आहे.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. थोडं मराठीत बोलले, उरलेलं हिंदीत, कारण काही गोष्टींना आमच्या मराठीत धार नाही. “इतकी वर्षं बायकोचं एक ऐकलं नाहीत, आणि बहिणीनं सांगितलं की माणूस मरायलाही तयार,” असंही म्हटलं. आणि मग मी पाटावर बसले. कारण मला ती जाळी दिसत होती. ती जाळी आणि तिच्याकडे धावत निघालेल्या नव्या, धडधाकट, तोंडाकानांच्या प्लेटलेट, सगळ्या मदतीला.

लेकीनं तोवर डॉक्टरणीला फोन लावला होता. तिकडून एकच वाक्य आलं. “अभी लेकर आइए.”

आम्ही दार उघडलं तर बाहेर वन्सं उभ्या, हातात बाटली.

मला वाटलं होतं, ह्या बाईला बघितल्यावर मी फुटेन. पण मी नुसतं म्हटलं, “गाडीत बसा.” त्यांनी विचारलं नाही कुठे. माझा चेहरा बघून बसल्या.

गाडीत हे पुढे, लेकीशेजारी. मी आणि वन्सं मागे. मी मनात भाषण तयार करत होते. डॉक्टरणीपुढे सगळं सांगायचं, एक शब्द सोडायचा नाही, आज ह्या बाईचा निकाल लावायचाच. एकीकडे हे चाललं होतं आणि दुसरीकडे डोळे ह्यांच्या पाठीवर. ह्यांचा हात छातीवर गेला.

“काही होतंय का?”

“नाही.”

“मग हात तिथे का?”

“हात आहे. कुठेतरी ठेवणारच ना.”

लेक खुदकन हसली. मग मी हसले, डोळ्यांत पाणी असताना. वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्या भावाच्या मानेकडे बघत होत्या आणि बाटली दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

दवाखान्यात पुन्हा वायरी लागल्या. कागद सरसर बाहेर येत होता आणि आम्ही तिघी त्या कागदाकडे बघत होतो, जणू आम्हांला तो वाचता येतो. डॉक्टरणीनं तो हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला. त्या वेळात मी काय काय बोलले देवाला. उपास कबूल केला, तोही निर्जळी, जो मला अजिबात झेपत नाही.

“ठीक है,” ती म्हणाली. “अभी कुछ नहीं हुआ है. किस्मत अच्छी है. एक गोली चालू थी, और दूसरी का भी थोड़ा असर बचा होगा.”

मी श्वास सोडला तो बहुधा मुरारपर्यंत ऐकू गेला असेल.

मग तिनं गुलाबी गोळ्या एकदम चार काढल्या. “ये अभी, मेरे सामने.” ह्यांनी पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, चावायच्या की गिळायच्या म्हणून. “गिळा” असं ती हातानंच म्हणाली. हे गिळत होते आणि वन्सं प्रत्येक घोटाला डोळे मिटत होत्या, जसं कुणी विष देतंय.

“अब बताइए,” डॉक्टरणीनं कागद बाजूला ठेवला. “बंद किसने करवाई?”

हीच वेळ होती. भाषण ओठांवर होतं.

“मैंने,” हे म्हणाले. “मैं ही भूल जाता था.”

“झूठ बोलता है,” वन्सं म्हणाल्या. फौजेतला आवाज नव्हता तो. “मैंने करवाई.”

आणि त्या बोलत सुटल्या. यजमानांचा ताप, रोज उतरणारा आकडा, कुणीतरी सांगितलेला पपईचा पाला. झाड कुठं लांब नव्हतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात होतं, वाकून हात घातला असता तर पानं मिळाली असती. पण पाण्याच्या पाइपावरून भांडण झालेलं, दोन्ही घरांत बोलचाल बंद. वन्संनी लांबच्या हजीरा मोहल्ल्यातून पाला मागवला. तो आला नाही. शेवटी मान खाली घालून त्या शेजारणीच्या दारात गेल्या, पण तोवर एक दिवस गेला होता. रस काढला तेव्हा यजमानांना आयसीयूत हलवलं होतं, तोंडानं काही देत नव्हते.

“एक दिन,” वन्सं म्हणाल्या. “एक दिन मैंने अपनी नाक के लिए लगा दिया. इसलिए इसको मैंने पहले ही दिन से दिया. इस बार देर नहीं करनी थी.”

मला माहीत नव्हतं हे. ह्यांनाही माहीत नव्हतं, ह्यांच्या तोंडावरून कळलं. इतकी वर्षं बाई सगळ्या मुरारला पाला वाटत हिंडत होती आणि आम्ही तिची टिंगल करत होतो, बकऱ्यांचे भाव वगैरे.

डॉक्टरीण पुढे वाकली. “अम्मा, सुनिए. डेंगू में आपके पति के प्लेटलेट कम पड़े थे. इनके तो पूरे हैं, उतने ही जितने मेरे. यहाँ गिनती की दिक्कत नहीं है, चिपकने की है. दोनों बीमारियाँ अलग हैं.”

“हाँ,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

“और वो पत्ता,” ती थांबली. मला वाटतं ती क्षणभर विचार करत होती, सांगावं की नाही. “उस हालत में वो पत्ता उन्हें नहीं बचाता, अम्मा. पहले दिन देतीं, तब भी नहीं. आपकी वजह से कुछ नहीं हुआ. आप लेट नहीं थीं.”

वन्संनी तिच्याकडे बघितलं. मग बाटली टेबलावर ठेवली आणि पदरानं हात पुसले, पुन्हा पुन्हा, जणू ते ओले होते.

परतताना पुढची, लेकीशेजारची जागा मी मागितली नाही. मागेच बसले, वन्संजवळ. हे पुढे बसून, घशात गोळ्या अडकल्यासारखं वाटतंय, जिलबी मिळाली तर खाली उतरतील, असं लेकीला पटवत होते आणि लेक “बाबा, आप रहने दो” म्हणत होती. आधी वन्संना मुरारला सोडायचं ठरलं होतं. ऊन छान पडलं होतं, रस्त्यावर गर्दी होती, आणि मला पुन्हा तसंच हलकं हलकं वाटायला लागलं होतं, उगाच कुणाशी तरी बोलावं, कुणाला तरी खायला घालावं.

वन्संनी माझ्या हाताला स्पर्श केला.

“ती काय म्हणाली गं, शेवटी?”

“म्हणाली की तुम्ही लेट नव्हता.”

“ते हिंदीत म्हणाली. मराठीत सांग.”

मी त्यांच्याकडे बघितलं. हिंदी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते, सगळ्या मोहल्ल्याला त्या हिंदीत झापतात. पण यजमान मराठीत गेले होते, आणि एवढी वर्षं स्वतःला दिलेले बोल मराठीतच दिले असणार.

“वन्सं, तुम्ही उशीर केला नव्हता. तुमच्यामुळे काही झालं नाही.”

त्यांनी मान हलवली. थोडं अंतर गेलं. मग माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. मुरार येईपर्यंत मी सांगत होते.